यूट्यूबवर कोर्स करताय? मग आधी प्लेअरची ही बटणं शिकून घ्या



कॉस्टिंगची प्लेलिस्ट बघणाऱ्यांकडून एक प्रश्न नेहमी येतो. "सर, सगळे भाग बघून झाले. आता पुढे काय?" मी उलट विचारतो, "तुमच्या मालाच्या एका पाकिटाला खर्च किती येतो?" मग समोरून उत्तर येतं, "अं... साधारण सत्तर-ऐंशी असेल."

म्हणजे भाग बघून झाले, पण काम झालं नाही. यात तुमची हुशारी कमी पडते असं अजिबात नाही. यूट्यूब हे मुळात बघत राहण्यासाठी बनवलेलं आहे. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, बाजूला दहा नवीन चित्रं खुणावत असतात. आपण मात्र तिथे शिकायला जातो. म्हणून आजच्या भागात कॉस्टिंग नाही, मार्केटिंग नाही. आज फक्त प्लेअर. मोबाईल जवळ घ्या, कोणताही एक व्हिडिओ उघडा आणि वाचता वाचता बटणं दाबून बघा.

सुरुवातीला दोन मिनिटांची तयारी

व्हिडिओ चालू असताना स्क्रीनवर एकदा टॅप केलं की वरच्या बाजूला ऑटोप्लेचा छोटा खटका दिसतो. तो बंद करा. एवढ्या एका गोष्टीने तुमचा रोजचा अर्धा तास वाचेल असं माझं मत आहे. शिकायला बसलेला माणूस तिसऱ्या व्हिडिओला क्रिकेटच्या हायलाइट्सवर कसा पोचतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

दुसरं, व्हिडिओखाली 'सेव्ह' असं बटण असतं. ते दाबून स्वतःची नवी प्लेलिस्ट बनवा आणि ती 'प्रायव्हेट' ठेवा. नाव साधं द्या, 'मसाला कॉस्टिंग', 'कर्जाची कागदपत्रं', जे काम असेल ते. सगळं 'वॉच लेटर'मध्ये टाकू नका. वॉच लेटर म्हणजे घरातला माळा, गेलेली वस्तू परत खाली येत नाही. आणि एका प्लेलिस्टमध्ये सात-आठपेक्षा जास्त व्हिडिओ नकोत. एका विषयाला तेवढे पुरतात. जास्त लागत असतील तर तुम्ही शिकत नाही आहात, काम सुरू करायचं टाळताय.

पॉज हेच सगळ्यात महागडं बटण

लोकांना वाटतं पॉज म्हणजे दारावरची बेल वाजली की दाबायचं बटण. कोर्ससाठी त्याचा उपयोग वेगळा आहे. शिकवणाऱ्याने उदाहरण मांडलं, आकडे लिहून दिले, की उत्तर सांगायच्या आधी थांबवायचं. वहीवर आपण स्वतः सोडवायचं. मग प्ले.

आत्ता करून बघूया. गोड्या मसाल्याचा एक घाणा. आकडे आपण धरून चाललोय, तुमच्या गावात वेगळे असतील.

पाच किलो कच्चा माल, 2,500 रुपये. गॅस आणि दळण, 250. दोन मदतनीस ताईंची मजुरी, 700. वाहतूक, 150. 100 ग्रॅमचं पाऊच आणि त्यावरचं स्टिकर मिळून 5 रुपये. भाजताना आणि दळताना 200 ग्रॅमची घट येते. एका पाऊचला खर्च किती?

इथे थांबा. खरंच थांबा, खालचं वाचू नका. कागदावर मांडा.

झालं? पाच किलोमधून 200 ग्रॅम गेले, म्हणजे हातात 4 किलो 800 ग्रॅम, म्हणजे 48 पाऊच. पाऊचचा खर्च 48 गुणिले 5, 240. एकूण 2,500 अधिक 250 अधिक 700 अधिक 150 अधिक 240, झाले 3,840. भागिले 48. एका पाऊचला 80 रुपये.

बऱ्याच जणांचा आकडा 77 च्या आसपास येतो, कारण त्यांनी 50 ने भागलेलं असतं. घट विसरली. ही चूक व्हिडिओ नुसता बघताना कधीच कळत नाही. मी 80 लिहिलं की तुम्ही मान डोलावता आणि "हो बरोबर आहे" म्हणता. थांबवून सोडवलं तरच समजतं की आपला हात कुठे अडतो.

आता दुसरा थांबा. खर्च 80. विक्री किमतीवर 20 टक्के नफा हवा. किंमत किती ठेवाल?

ऐंशीचे 20 टक्के म्हणजे 16, म्हणून 96, असं आलं असेल तर परत बघा. 96 ला विकलं आणि 16 उरले, तर ते विक्रीच्या 16.67 टक्के झाले, 20 नाही. बरोबर हिशोब असा: 80 रुपये हे किमतीचे 80 टक्के असायला हवेत, म्हणून 80 भागिले 0.8, म्हणजे 100 रुपये.

तिसरा थांबा, आणि हा खिशाला सगळ्यात जास्त लागतो. दुकानदार म्हणतो, "मला एमआरपीवर 20 टक्के सोडा." तुम्हाला हातात 100 यायला हवेत. जीएसटी सध्या बाजूला ठेवू. एमआरपी किती छापाल? 120 छापली तर दुकानदार 24 ठेवतो, तुम्हाला 96 मिळतात. 125 छापली तर तो 25 ठेवतो आणि तुम्हाला पूर्ण 100. पाऊचमागे 4 रुपयांचा फरक. महिन्याला 500 पाऊच जात असतील तर 2,000 रुपये, वर्षाला 24,000. एखाद्या चांगल्या मिक्सरचे किंवा सीलिंग मशीनचे पैसे असेच जातात, आणि दुकान तर जोरात चाललेलं दिसतं.

थांबून स्वतः आठवण्याचा फायदा अभ्यासातूनही दिसलेला आहे. अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, काहींना वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपल्याला बाजारात माल घेऊन जायचं असतं ते पाच मिनिटांनी नाही, आठवड्यांनी आणि महिन्यांनी. तेव्हा त्याच व्हिडिओला तीनदा बघण्यापेक्षा एकदा बघा आणि मोबाईल पालथा ठेवून वहीवर लिहून काढा.

मागे-पुढे जाण्याची बटणं

मोबाईलवर स्क्रीनच्या डाव्या बाजूला दोनदा टॅप केलं की व्हिडिओ 10 सेकंद मागे जातो, उजव्या बाजूला केलं की 10 सेकंद पुढे. हे सेकंद सेटिंगमध्ये बदलता येतात. हिशोबाचे व्हिडिओ बघणाऱ्यांनी 15 किंवा 20 करून ठेवावेत, कारण एक पायरी समजावायला साधारण तेवढा वेळ लागतो.

लॅपटॉप असेल तर काम अजून सोपं. कीबोर्डवर 'के' दाबलं की पॉज, 'जे' दाबलं की 10 सेकंद मागे, 'एल' दाबलं की 10 सेकंद पुढे. तीन अक्षरं शेजारी शेजारीच आहेत, एका हाताने प्लेअर, दुसऱ्या हातात पेन. डावा-उजवा बाण 5 सेकंदांसाठी. पॉज करून स्वल्पविराम किंवा पूर्णविरामाचं बटण दाबलं तर व्हिडिओ एकेक फ्रेम सरकतो. शिवणकाम, पॅकिंग, केकवरचं आयसिंग असं हाताचं काम शिकणाऱ्यांसाठी हे फार कामाचं आहे. बोट नेमकं कुठे वळतं ते तिथेच दिसतं.

हाताच्याच कामासाठी आणखी एक, लूप. लॅपटॉपवर व्हिडिओवर राइट क्लिक केलं की लूपचा पर्याय येतो, मोबाईलवर तो गिअरच्या सेटिंगमध्ये मिळतो. छोटा व्हिडिओ संपला की परत पहिल्यापासून सुरू होतो. पिठाच्या हाताने मोबाईलला हात लावावा लागत नाही.

स्पीड: कुठे वाढवायचा, कुठे कमी

गिअरच्या चिन्हावर टॅप केलं की 'प्लेबॅक स्पीड' येतो. 0.25 पासून 2 पर्यंत. स्क्रीनवर बोट दाबून धरलं तरी तेवढ्यापुरता व्हिडिओ दुप्पट वेगाने पळतो.

वेग वाढवला की काही डोक्यात जात नाही, असा समज आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांवर हे तपासलं, तेव्हा दुप्पट वेगापर्यंत समजण्यात फारसा फरक पडला नाही, त्याच्या पुढे गेल्यावर मात्र घसरण झाली. पण हे वर्गातल्या व्याख्यानासारख्या व्हिडिओंचं झालं. मोबाईल समोर ठेवून उद्यमचा फॉर्म भरायचा असेल, तर दुप्पट वेग काय कामाचा?

माझी पद्धत सांगतो. प्रस्तावना, ओळख, "चॅनल सबस्क्राइब करा" (हो, माझीसुद्धा) हे 1.5 किंवा 1.75 वर. हिशोब आणि कायद्याचे नियम 1 वर. हाताचं काम 0.5 किंवा 0.75 वर. शिकवणारा अस्सल वऱ्हाडी किंवा मालवणी ढंगात भराभर बोलणारा असेल आणि तुम्ही मूळचे तिकडचे नसाल, तर 0.75 करायला लाजू नका. कोणी बघत नाही.

चॅप्टर आणि ट्रान्सक्रिप्ट

तासाभराच्या व्हिडिओत तुम्हाला हवी असलेली गोष्ट चार मिनिटांची असते. ती शोधायला दोन वाटा आहेत.

पहिली चॅप्टर. खालची लाल पट्टी तुकड्या-तुकड्यांची दिसली तर समजा चॅप्टर आहेत. डिस्क्रिप्शन उघडलं की प्रत्येक तुकड्याचं नाव आणि वेळ मिळते, टॅप केलं की थेट तिथे. कोर्ससाठी मी चॅप्टरची यादी आधी वहीत उतरवायला सांगतो, व्हिडिओ बघायच्या आधी. ती तुमची अनुक्रमणिका. त्यातलं जे येतं त्यावर खूण करा, जे येत नाही तेवढंच बघा. पूर्ण व्हिडिओ बघितलाच पाहिजे अशी शपथ कोणी घातलेली नाही.

दुसरी ट्रान्सक्रिप्ट. व्हिडिओला कॅप्शन असतील तर डिस्क्रिप्शनच्या तळाशी 'शो ट्रान्सक्रिप्ट' असं बटण दिसतं. दाबलं की बोललेलं सगळं वेळेसकट लिहून समोर येतं. लॅपटॉपवर कंट्रोल आणि एफ दाबून 'सबसिडी' किंवा 'परवाना' असा शब्द शोधा, नेमकी ओळ सापडते. तिच्यावर क्लिक केलं की व्हिडिओ त्या क्षणाला जातो. मात्र आपोआप तयार झालेल्या कॅप्शनवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. 'पंधरा' आणि 'पन्नास' यांची गल्लत तिथे सहज होते, आणि आपल्या धंद्यात तेवढी गल्लत पुरते. आकडा आला की कानाने ऐका.

वहीत नोंद करताना वेळ लिहायची सवय लावा. "भाग 6, 12:40, घट कशी धरायची." एवढंच. सहा महिन्यांनी भावाला किंवा भागीदाराला दाखवायचं झालं तर शोधत बसावं लागत नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं असेल तर लॅपटॉपवर राइट क्लिक करून चालू वेळेची लिंक कॉपी करता येते. समोरच्याचा व्हिडिओ त्याच जागेवर उघडतो. बचत गटात दहा जणींना एकच मुद्दा दाखवायचा असतो तेव्हा ही लिंक पाठवा, पूर्ण तासाचा व्हिडिओ कोणी बघणार नाही.

डेटा वाचवा, पण अक्षरं दिसली पाहिजेत

ज्यांच्याकडे रोजचा डेटा मोजून-मापून असतो त्यांच्यासाठी. गिअरमध्ये 'क्वालिटी' आहे. माणूस नुसता बोलत असेल तर 240 वर चालतं, चेहरा थोडा धूसर दिसेल इतकंच. पण एक्सेलची शीट, सरकारी पोर्टल किंवा फळ्यावरचा हिशोब असेल तर 720 करा, नाहीतर 3 आणि 8 मधला फरक कळणार नाही. तेवढा भाग संपला की परत खाली आणा. 'डाउनलोड'चं बटण चालत असेल तर घरच्या किंवा ऑफिसच्या वायफायवर उतरवून घ्या. तो व्हिडिओ यूट्यूबच्या अॅपमध्येच चालतो आणि काही काळाने मोबाईल पुन्हा इंटरनेटला जोडावा लागतो, हे लक्षात ठेवा. एसटीच्या प्रवासात ऐकायला उत्तम.

तारीख न बघता एकही नियम वहीत उतरवू नका

आता जे सांगतोय ते कोणत्याही बटणापेक्षा मोठं आहे. डिस्क्रिप्शनमध्ये व्हिडिओ कधी टाकला ती तारीख असते. कॉस्टिंगचं गणित दहा वर्षांपूर्वीचं असलं तरी चालतं. कायदा, कर आणि योजना यांचं तसं नाही.

काही उदाहरणं बघा. जुन्या व्हिडिओत 'उद्योग आधार काढा' असं सांगितलेलं असेल. 1 जुलै 2020 पासून त्याच्या जागी उद्यम नोंदणी आली. 2021 चा व्हिडिओ सांगेल की सूक्ष्म उद्योग म्हणजे यंत्रसामग्रीत 1 कोटीपर्यंत गुंतवणूक आणि 5 कोटींपर्यंत उलाढाल. तेव्हा ते बरोबरच होतं. 1 एप्रिल 2025 पासून ही मर्यादा अडीच कोटी आणि 10 कोटी झाली. पीएमईजीपी योजनेत उत्पादन प्रकल्पाची कमाल मर्यादा पूर्वी 25 लाख होती, 2022 मध्ये ती 50 लाख झाली, सेवा क्षेत्रासाठी 10 लाखांची 20 लाख झाली. जुना व्हिडिओ बघून कोणी आपला प्रकल्प अहवाल 25 लाखांत कोंबून बसवला, तर नुकसान कोणाचं?

जीएसटीचं तर आणखीच. माल विकणाऱ्यांसाठी नोंदणीची मर्यादा 1 एप्रिल 2019 पासून महाराष्ट्रात 20 लाखांवरून 40 लाख झाली, सेवा देणाऱ्यांसाठी 20 लाखच राहिली. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून दरांचे टप्पेच बदलले. पाकीटबंद फरसाण-नमकीन 12 टक्क्यांत होतं ते 5 टक्क्यांत आलं. त्याआधीचा व्हिडिओ बघून तुम्ही आजही 12 टक्के धरून एमआरपी काढत असाल, तर शेजारच्या फरसाणवाल्यापेक्षा तुमचं पाकीट महाग का, हे गिऱ्हाईक विचारणार.

म्हणून नियम वहीत लिहिताना तीन गोष्टी लिहा. नियम काय, व्हिडिओची तारीख काय, आणि सरकारी पोर्टलवर मी तो स्वतः कोणत्या दिवशी पाहिला. तिसरा रकाना कोरा असेल तोवर त्या आकड्यावर एक रुपयासुद्धा खर्च करायचा नाही. माझ्या व्हिडिओंनाही हेच लागू. मी 2022 मध्ये सांगितलेलं आज तसंच असेल याची हमी मी देत नाही.

आणि एक. उद्यम नोंदणी पूर्ण मोफत आहे. शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असलेल्या सरकारी संकेतस्थळावरच ती होते. डिस्क्रिप्शनमधल्या लिंकवर टॅप केल्यावर हजार-दीड हजार रुपये 'सरकारी फी' म्हणून मागितले गेले तर ती साइट सरकारी नाही, लगेच बंद करा. फॉर्म भरून देण्याचे पैसे कोणी सरळ सेवाशुल्क म्हणून मागत असेल तर तो वेगळा व्यवहार, द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

या आठवड्याचं काम

आपल्या प्लेलिस्टमधला कॉस्टिंगचा एकच भाग निवडा. आधी चॅप्टर वहीत उतरवा. मग बघायला बसा आणि किमान तीन ठिकाणी उत्तर येण्याआधी थांबवून स्वतः सोडवा, थांबलेली वेळ शेजारी लिहा. भाग संपला की मोबाईल पालथा. आपल्या स्वतःच्या एका वस्तूचा खर्च, घट धरून, त्याच कागदावर काढा. मसाला असो, गोधडी असो, पापड असो किंवा ब्लाउज शिवण्याची मजुरी असो. आठ दिवसांनी व्हिडिओ न उघडता कोऱ्या पानावर तोच हिशोब परत मांडा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा, कुठली ओळ सुटली.

पुढच्या भागात दुकानदाराची उधारी आणि ती एमआरपीत कशी धरायची ते घेऊ. त्यासाठी तुमचा 'एका नगाचा खर्च' हा आकडा तयार लागेल, तेव्हा तो कागद सोबत घेऊनच बसा.